कारणबाईंचा सातवा नंबर

धाकटीनं तिला पहिल्यांदा पाहिलं ते पाणीपुरवठा कचेरीत. घरच्या नळाला आठ दिवस टिपूस नव्हता, म्हणून तक्रारीचा अर्ज घेऊन धाकटी दुसऱ्या मजल्यावर गेली होती. तिथं मोठ्या तिरप्या टेबलावर वाकून एक मुलगी नकाशा काढत होती, आणि तिच्यासमोर चांगले पोक्त साहेब गृहपाठ विसरलेल्या पोरासारखे उभे होते.

“अहो, एवढीशी रेघ सरकवायची. त्यात लिहायचं काय?”

“कारण,” मान वर न करता मुलगी म्हणाली. “सुधारणा, कारण, सही. तीन रकाने आहेत, साहेब. दोनच भरलेला नकाशा मी टेबलावरून हलू देत नाही.”

साहेबांनी मुकाट्यानं कारण लिहिलं. कचेरीत त्या मुलीला पाठीमागे सगळे ‘कारणबाई’ म्हणतात, हे धाकटीला जिना उतरता उतरता शिपायानं सांगितलं. घरी येऊन ती थोरल्या भावाला म्हणाली, “दादा, नळाचं काही जमलं नाही. पण तुझ्यासाठी मुलगी बघून आलेय.”

दादा औषधांच्या दुकानात होता आणि शब्दसुद्धा मोजूनमापून वापरायचा. तरी वर्षभरात कारणबाई वहिनी होऊन घरात आली. सामानात दोन ट्रंका आणि एक लांबलचक पत्र्याचं नळकांडं. धाकटीला वाटलं, आत कचेरीचे नकाशे असतील. निघाली एक यादी. ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईत, छापल्यासारख्या अक्षरात बारा गोष्टी, आयुष्यात करायच्या. कोपऱ्यात तीच चौकट: सुधारणा, कारण, सही.

दर वाढदिवसाला वहिनी यादी जेवणाच्या टेबलावर पसरायची, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवायची. झालेल्या गोष्टीपुढे ठिपका. एखादी गोष्ट काढायची किंवा बदलायची तर कारण हवं, आणि सही दुसऱ्या माणसाची. “आपलं काम आपणच तपासायचं नसतं, वन्सं,” असं म्हणून तिनं तो मान धाकटीला दिला. मोटार चालवायला शिकणे: ठिपका पडला, फाटकाचा खांब दोनदा पडल्यावर. व्हायोलिन शिकणे: रद्द, कारण ‘शेजारी’, ही सही धाकटीनं फार तत्परतेनं केली. चाळिसाव्या वर्षी एक नवी भर पडली, ‘ह्यांना शिट्टी वाजवायला शिकवणे’. ते काम अजून चालू आहे.

सातवा नंबर मात्र पहिल्या दिवसापासून तस्साच होता. ‘धरणापासून आपल्या नळापर्यंत पाइपलाइनच्या कडेनं चालत जाणे.’ बेचाळीस किलोमीटर. त्या लाइनचं वळणन् वळण वहिनीनं सहा वर्षं टेबलाशी बसून काढलं होतं, आणि एकदाही कुणी तिला ती दाखवायला नेलं नाही. जीप नेमकी भरलेली असायची. उन्हात बाईमाणसाचं काय काम, असंही कुणीतरी म्हणायचं. निवृत्तीनंतर जाऊ, असं ठरलं. निवृत्तीनंतर सासूबाईंचं आजारपण आलं, आणि ते सरलं तेव्हा वहिनीचा उजवा गुडघा बोलायला लागला. डॉक्टरांनी सहा महिन्यांनंतरची ऑपरेशनची तारीख दिली. तोवर काठी घ्या आणि झेपेल तेवढंच चाला, म्हणाले.

त्याच आठवड्यात एकसष्टावा वाढदिवस आला. वहिनीनं कागद पसरला, वाट्या ठेवल्या आणि थबकली. सातव्या नंबरावर लाल पेन्सिलीची आडवी रेघ होती.

“कुणी मारली ही?”

दादानं चष्मा पुसायला घेतला. “मी.”

“कारण?”

“अगं, तुझा गुडघा!”

“मग रकान्यात लिहायचं होतं. सही कुठाय? पस्तीस वर्षं संसार केलात कारणबाईशी, आणि एवढं शिकला नाहीत?”

“काळजी वाटली म्हणून मारली गं.”

“काळजी मावते रकान्यात. छोटा शब्द आहे.”

तिनं रेघ खोडली नाही. जुन्यावर नवा कागद टाकला आणि दुपारभर बसून सगळी यादी पुन्हा गिरवली. सातव्या नंबरात ‘टप्प्याटप्प्यानं’ एवढा शब्द वाढवला, कारण लिहिलं ‘गुडघा’, आणि पेन धाकटीपुढे केलं. दारातून दादा म्हणाला, “सही करू नकोस, धाकटे.”

धाकटीनं आजवर सही कधी नाकारली नव्हती. पण आजपर्यंतच्या सह्यांनी कुणाचं हाडही दुखलं नव्हतं. उद्या गुडघा कायमचा धरला तर खाली नाव आपलं. आणि नाही केली, तर सातवा नंबर आजच संपला. ऑपरेशननंतर काय होईल, कुणी सांगावं?

“एका वेळी किती?” तिनं विचारलं.

“दोन किलोमीटर. दर रविवारी. बसनं जायचं, बसनं यायचं.”

“बरोबर कोण?”

“काठी.”

“मग नाही करत. माझं नाव घाल त्यात.”

“वन्सं, तुम्ही दर दहा पावलांवर बसता!”

“म्हणूनच. मी बसले की तुला बसावंच लागेल.”

वहिनीनं नाव घातलं. धाकटीनं सही केली आणि त्याच संध्याकाळी घडीचं स्टूल आणलं.

पहिल्या रविवारी धरणाच्या भिंतीखाली उभी राहून वहिनीनं त्या जाडजूड पाइपावर तळवा ठेवला. “सहा वर्षं ही दोन रेघा होती,” एवढंच म्हणाली. मग रविवारमागून रविवार. काठी, स्टूल, जुन्या नकाशाची घडी. पाइप कुठं उघड्यावर, कुठं जमिनीखाली. वर फक्त खुणेचे दगड. गुडघा सुजला की एखादा रविवार चुके, पण पुढचा चुकत नसे.

एकोणिसाव्या किलोमीटरला वहिनी उभीच राहिली. नकाशात लाइन सरळ होती. खुणेचे दगड डावीकडे वळून, मोठा वळसा घेऊन परत येत होते.

“हे माझं नाही,” ती म्हणाली. चेहरा उतरला होता. “वळण आहे आणि नोंद नाही.”

वळणावरच्या खोलीतून म्हातारा व्हॉल्ववाला बाहेर आला. “ते होय? खणताना मी होतो ना. हे झाड मधे येत होतं. दुपारी सगळी माणसं ह्याच्याखाली जेवायची. साहेब म्हणाले पाडा, पण कुऱ्हाड कोण उचलणार? साहेब जरा तिकडे गेले तशा आम्ही खुणा सरकवल्या.”

“आणि कचेरीत कळवलं नाही?”

“कसं कळवणार, बाई? तिथं एक कारणबाई होत्या म्हणे, भारी खमक्या. लिहून मागायच्या. आता ‘सावली’ असं कोण लिहून देणार?”

धाकटीनं तोंडाला रुमाल लावला. वहिनीनं तिच्याकडे पाहिलंच नाही. ती झाडाखाली गेली, स्टुलावर बसली, नकाशा मांडीवर उघडला आणि पेन्सिलीनं वळण काढलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘सावली’. मग नकाशा व्हॉल्ववाल्यापुढे धरला. “सही करा. तपासणारे तुम्ही.” त्यानं हात पँटला पुसून सावकाश सही केली.

घरी आल्यावर वहिनीनं नळकांड्यातून तो जुना, लाल रेघेचा कागद काढला. दादा समोर चहा पीत होता. रेघेच्या नोंदीत तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं, ‘कारण: काळजी’, आणि कागद धाकटीकडे सरकवला. धाकटीनं काही न विचारता सही केली. दादानं उलट्या बाजूनं ते अक्षर वाचलं आणि कप उचलून आत ठेवायला गेला.

आता ऑपरेशनला पाच आठवडे आहेत आणि नऊ किलोमीटर उरले आहेत. दर रविवारी सकाळच्या पहिल्या बसनं तिघं जातात. स्टूल दादाच्या खांद्यावर असतं.