बबनकाका टेम्पो थांबवायचे

बबनकाका गेले तेव्हा माझा गेम अर्धवट होता.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

इथल्या नव्या मित्रांसाठी सांगते. मी व्हिडिओ गेम डिझाइन करते. पुण्याच्या स्टुडिओतली नोकरी सोडून मालेगावला परत आले होते. आमचं मालेगाव, वाशिमजवळचं.

काकांचं डायलिसिस सुरू झालं होतं. आई-बाबा मी लहान असतानाच गेले. मला काका-काकूंनी वाढवलं. त्यांना मूलबाळ नाही.

म्हणजे आहे. मी.

काका टेलर. एक पाय पोलिओनं अधू. आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नाही त्यांनी. शेलूबाजारला जायचं असलं की रस्त्यावर उभे राहायचे, हात करायचे, आणि जो थांबेल त्याच्या मागे बसायचे.

डायलिसिसला वाशिमला जायचो. तिथं तासन्तास नुसतं पडून राहायचं. एकदा कंटाळून म्हणाले,

"दिवसभर काय करून राह्यली तू त्या लॅपटॉपवर? दाखव त मले."

मी गेम फोनवर टाकून त्यांच्या हातात दिला.

गेम साधा होता. एक छोटा टेम्पो. माल भरायचा आणि वेळेत पोचवायचा. वर टायमर पळतोय. उशीर झाला की हरलात. रस्त्याच्या कडेला मी थोडी माणसं उभी केली होती, नुसती शोभेला.

काकांनी पहिल्याच माणसाजवळ, एका म्हाताऱ्याजवळ टेम्पो थांबवला.

"काका, चालवा ना. वेळ चाललाय."

"अवं, थो हात करून राह्यला."

"तो चढत नाही, काका. तसं केलंच नाहीये मी."

"काहून नाई केलं?"

मी हसले फक्त.

मग ते दर डायलिसिसला खेळायला लागले. दर वेळी थांबायचे, दर वेळी हरायचे. शेजारच्या बेडवरच्या पेशंटला कौतुकानं सांगायचे, "आमच्या पोरीनं बनोलं. गाडी लय चांगली पयते."

त्याच सुमारास बंगळूरच्या एका कंपनीशी माझं बोलणं चाललं होतं. त्यांना गेम आवडला. अट एकच. टायमर आणखी कडक करा.

मी एकटी, घरात बसून काम करत होते. पहिल्यांदाच कुणीतरी हो म्हणत होतं. मी टायमर कडक केला आणि काकांना गेम खेळायला दिला. म्हटलं, आज मधे थांबू नका हं.

त्या दिवशी काका कुठंच थांबले नाहीत. टेम्पो सुसाट नेला. स्क्रीनवर फटाके उडाले.

"काका! जिंकलात!"

त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि डोळे मिटून घेतले.

पुढच्या वेळी फोन मागितलाच नाही. त्याच्या पुढच्या वेळीही नाही.

परत येताना ऑटोत मी विचारलं, "काका, हल्ली खेळत का नाही?"

ते बाहेर रस्त्याकडे बघत म्हणाले,

"जिंकलो त खरा. पन थो बुढा तिथंच उभा राह्यला ना वं. मीबी रस्त्यावर लय खेपा असाच उभा राह्यलो. गाड्या सुसाट जायच्या समोरून. कसंतरीच वाटे."

आणि लगेच म्हणाले, "तू माह्यं नको आयकू. त्या लोकाइले जसं पाह्यजे तसं कर. तुह्यं नाव झालं पाह्यजे."

घरी आल्यावर मी टायमर काढून टाकला.

माणसं टेम्पोत चढतील असं केलं. चढली की दोन शब्द बोलतील, आपल्या भाषेत.

बंगळूरहून अगदी सभ्य शब्दांत नकार आला. मी खूप रडले. काकूला सांगितलं. काकांना नाही.

नवा गेम हातात आला तेव्हा काकांनी आधी त्या म्हाताऱ्याला गाठलं. म्हातारा चढला. म्हणाला, पोहरादेवीले जातो.

"चाला बुवा, सोडून देतो," काका फोनला म्हणाले. मोठ्यानं. अख्खा वॉर्ड बघायला लागला.

डायलिसिस संपलं. सिस्टर सुया काढायला आली.

"थांबा ना बाई. याइले सोडून देऊ द्या आंदी."

सिस्टर थांबली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत काका गेले. सकाळी, चहा पिता पिता.

मी लॅपटॉप बंद करून ठेवून दिला.

काकू मात्र काकांच्या दुकानात जाऊन बसली. काकांनी कापून ठेवलेले ब्लाउज, शर्ट तसेच पडून होते. तिला मशीन जेमतेम चालवता यायची. लोक म्हणाले, राहू द्या काकू. ती म्हणाली, "त्याइनं माप घेतलं होतं तुमचं. असं कसं ठेवू?"

शिवायची, उसवायची, परत शिवायची.

एक दिवस मला म्हणाली, "तुह्यंबी अर्धंच हाये ना? आन इकडं. बस माह्यासंग."

मग दुकानात एकीकडे तिची मशीन आणि एकीकडे माझा लॅपटॉप. फार बोलायचो नाही आम्ही. गेम असा पूर्ण झाला.

हिवाळ्यात तो बाहेर आला. गाजला वगैरे नाही. पण अनोळखी लोकांचे मेसेज आले. एकीनं लिहिलं, आई आयुष्यात कधी गेम खेळली नव्हती, आता रोज आमची भाजी करपते. मी तो मेसेज काकूला वाचून दाखवला. किती दिवसांनी हसली ती.

आणि पुण्याच्या एका स्टुडिओनं गेम खेळून मला कामाला बोलावलं.

मी नाहीच म्हणणार होते. काकूला एकटं कसं सोडायचं?

आज दुपारी वर्षश्राद्धाचे पाहुणे गेले. भांडी आवरता आवरता काकू म्हणाली,

"मीबी येतो पुन्याले. तू दिवसभर हापिसात. तुह्या सैपाक कोन करन?"

"काकू, करमेल तुला तिथं?"

"न करमाले काय झालं? तू हायेस ना."

हातातली ताटं तशीच ठेवून दोघी रडलो. वर्षभरात पहिल्यांदा एकमेकींसमोर.

पुढच्या आठवड्यात निघतोय, काका.

काकूला मी सांभाळेन. ती मला सांभाळेलच.

येतो आमी.