सोडलेलं ताक

महाराष्ट्र झाला त्याच्या दोन-तीन वर्षांनी माझे मोठे दीर वखर हाकता हाकता छातीत कळ येऊन गेले. चाळिशीही उलटली नव्हती. त्यांना ताक फार आवडायचं. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं त्याची आवडती वस्तू सोडतात. माझ्या मालकांनी नुसतं ताक नाही, दूध-दही-तूप सगळंच सोडलं. मटण-अंडं घरात आधीपासून वर्ज्य. गोठ्यात दोन म्हशी, आणि हा माणूस भाकर पाण्यात बुडवून खायचा. लोक वाखाणत. मला तो येडेपणा वाटे, पण मी बोलले नाही. ती माझी चूक.

चार-पाच वर्षांत त्यांचे पाय बधिर झाले. चप्पल निसटली तरी कळायचं नाही. चार पावलांत दम लागे. भावासारखं आपलंही होणार, हे त्यांनी मनात धरूनच ठेवलं. मी त्यांना एसटीनं चिखलीला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी छाती ऐकली, जीभ पाहिली, खाणं विचारलं.

"दूध-ताक?"

"सोडलं हाय. भावाच्या नावानं."

"मग भावाला भेटायचीच घाई दिसते तुम्हाला."

त्यांनी लाल रंगाची इंजेक्शनं दिली आणि दूध सुरू करा म्हणाले. मालकांनी सुया घेतल्या. दुधाला नाही म्हणाले. सोडलं ते सोडलं.

घरी येऊन मी जावेला सांगितलं. ज्याच्या नावानं सोडलं, त्याची ही बायको. ती चुलीपुढून उठली आणि ताकाचा गिलास मालकांपुढे ठेवला.

"भाऊजी, तुमच्या भावाच्या वाटचं हाय. प्या."

"वयनी, सोडलेली वस्तू हाय ते."

"कोणाले इचारून सोडली? मले इचारलं? एका घरात दोन पांढरी कपाळं नको मले."

मालकांनी गिलास उचलला.

"मीठ हाय काय याच्यात?"

"नाई."

"मंग टाका."

पाय सुधारायला सहा-सात महिने लागले. पुढच्या पेरणीला मालक तिफणीमागे होते. पंच्याहत्तरी ओलांडून गेले.

परवा मुलाचं रक्त तपासलं, तर होमोसिस्टीन वाढलेलं निघालं. त्यानंही अंडं-मटण कधी खाल्लं नाही, आणि दुधाचा त्याला वास येतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बी-बारा, म्हणजे मालकांच्या त्या लाल सुयांतलं जीवनसत्त्व, कमी पडलं की हे रक्तात साठतं, आणि ज्यांचं वाढलेलं असतं त्यांच्यात हृदयाचे आजार जास्त दिसतात. गोळ्यांनी ते उतरेल, पण तेवढ्यावर विसंबू नका. तंबाखू सोडा, रोज चाला.

दिरांना नेमकं काय झालं होतं, ते कोणी तपासलं नाही. मुलाचं वेळेत कळलं. त्याची तंबाखूची डबी मी त्याच दिवशी शेणखताच्या खड्ड्यात टाकली.

"आई, गोळ्या घेऊन राह्यलो ना," मुलगा म्हणाला.

मी ताकाचा गिलास पुढे केला. मीठ आधीच टाकलं होतं.