नेमातली मासळी

"हो, यांनीच खाल्ली मासळी," मी म्हणाले, आणि आमचे बुढे, माझे मालक, माझ्याकडं पाहतच राहिले. येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडाखाली कोसेवाली, रानात रेशमाचे कोसे पिकवणारी, सगळी मंडळी जमली होती. वर फांद्यांवर अळ्या काळ्या पडून उलट्या लोंबत होत्या. बुढ्यांनी हळूच मला विचारलं, "मी खाल्लो का वं? मले तं याद नाई." मी म्हटलं, "तुम्हाले कुठी काय याद राह्यते?" मग त्यांनी सगळ्यांसमोर हात जोडले.

मासळी मी खाल्ली होती.

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — लेकीला नाही, नातीला नाही. तुम्ही अनोळखी, म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं. नाही जात.

मी चौथी शिकलेली. आम्ही ढिवर, मासळी आमची रोजची. पण आरमोरीकडच्या आमच्या जंगलात झाडांवर कोशाच्या अळ्या चढवल्या, की कोसे उतरवेपर्यंत नेम. मासळी नाही, मटण नाही, हळदसुद्धा नाही. एकानं नेम मोडला तर सगळ्यांचं पीक जातं, असं आम्ही मानत आलो. त्या वर्षी मी भावाकडं गेले होते. भावजयीनं मरळ रांधली होती. वास आला, आणि मी बसले. दुसऱ्यांदा वाढूनही घेतली — हे मुद्दाम सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल घासभर चाखली असेल. मग अळ्या मरायला लागल्या. नेम कुणी मोडला, असा सवाल निघाला. आता अळ्यांना रोग पडतो आणि त्याला औषध फवारतात, हे मला कळतं. तेव्हाही थोडं कळत होतं. पण सगळ्यांचे डोळे फिरत फिरत माझ्यावर यायच्या आत मला बुढे दिसले.

त्यांच्यावर खपून जाण्यासारखं होतं. त्यांचं डोकं तेव्हा नुकतंच बिघडलं होतं. कुणाच्याही अंगणात जाऊन बसायचे, वाढलं ते खायचे. मला तर बरेचदा पाहुणीच समजायचे. "कोनत्या गावची वं बाई तू?" "तुमच्याच घरची हावो." "मंग जेवल्याबिगर नोको जाऊ." माणूस मुळातच तसा. लग्न झाल्यापासून मी तोंडाची फटकळ आणि ते गरीब. मी भांडी आपटायची, ते बाहेर जाऊन बिडी ओढायचे आणि बिडी संपली की आत येऊन विचारायचे, "झालं का तुयं?" झालेलं असायचं.

पण झाडाखाली उभे केले की त्यांचे हात काही विसरत नसत. पाला संपलेल्या झाडावरची फांदी अळ्यांसकट कापायची आणि ताज्या झाडाला बांधायची — एक अळी खाली पडायची नाही. अळ्यांशी बोलायचे, "चला वो बायांनो, नवं घर पाह्यलं तुमच्यासाठी." कावळ्यांवर गुलेल चालवायचे, तीही बरोबर लागायची. नातीचं नाव गेलं, गावाचं नाव गेलं, झाडं राहिली होती.

मंडळींनी त्यांच्याकडून दंड घेतला नाही. म्हणाले, बुढा भोळा झाला, त्याचा काय दंड? फक्त आता त्याला झाडांकडं आणायचं नाही. मी तिथं उभी होते. तोंड उघडलं असतं तर मी बाहेर आणि ते आत, एवढंच झालं असतं. मी काय केलं? पदर सावरला.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी अल्झायमर म्हणून सांगितलं. नात सोनल तिथंच औषधांचं शिकते. ती दिवाळीला आली तेव्हा ओट्यावर बसून तिनं मला समजावलं. मेंदूतल्या पेशींवर एक लांब प्रथिन असतं, आणि त्याला कापणारी एन्झाइमं असतात. एक एन्झाइम ठीक जागी कापतं, त्याचे तुकडे निघून जातात. दुसरं भलत्या जागी कापतं, मग तिसरं दुसऱ्या बाजूनं कापतं, आणि मधला तुकडा उरतो तो चिकट. असे तुकडे एकमेकांना धरून बसतात, त्यांचे थर होतात. ते साफ करणारीही एन्झाइमं असतात, म्हातारपणी ती कमी पडतात. आजोबांची गोळी आणखी वेगळ्याच एन्झाइमला आवरते, थोडी याद टिकावी म्हणून. साचलेले थर ती काढत नाही.

मी विचारलं, एन्झाइम म्हणजे काय?

"आजी, कोशातून पाखरू भायेर कसं येते?"

"थुंकी लावते. धागा सैल पडते, मंग निंगते."

"धागा म्हंजे प्रथिनच. आन् त्या थुंकीत एन्झाइम."

"म्हंजे बुढ्याच्या डोक्यात पाखरं थुंकून राह्यली?"

ती पोट धरून हसली. बुढेही हसले, कशाला ते माहीत नसताना. मग ती म्हणाली, "आजी, त्याइच्यावर चिडू नोको. त्याइचा कसूर नाई. आन् तू जे सांगशीन ना, तेच त्याइले खरं."

ती बोलली, आणि मी कपबशा उचलून आत गेले. कारण खरं सांगायचं ते अजून राहिलंच आहे — त्या झाडाखाली मी एकदा खोटं बोलले, एवढंच असतं तर हे लिहायला बसले नसते.

बुढे रोज सकाळी गुलेल घेऊन दारात उभे राहायचे. "काऊन नाई जात आपून झाडाइकडं?" आणि मी रोज सांगायची — "तुम्ही नेमात मासळी खाल्ली." रोज त्यांना ते पहिल्यांदाच कळायचं. रोज तोंड उतरायचं. रोज हात जोडायचे, कधी मला, कधी रस्त्यानं जाणाऱ्याला. "चुकलो जी." काल मागितलेली माफी त्यांना आठवायची नाही, म्हणून नव्यानं मागायचे.

आज सुट्टी आहे, असं म्हणता आलं नसतं? पाऊस आहे, कोसे उतरवून झाले, काहीही? त्यांनी सगळं मानलं असतं. पण दुसरं काही सांगितलं आणि कुणी ऐकलं, तर माझं उघडं पडेल — हे भय. निदान सोनल सांगून गेल्यावर तरी? दुसऱ्या सकाळी ते दारात आले. मी तेच सांगितलं.

त्यांच्या डोक्यात काय भलतीकडं कापलं गेलं, ते नातीनं मला सांगितलं. माझ्या जिभेला कुठलंही एन्झाइम लागलेलं नव्हतं. मी शुद्धीत होते, चहा गाळत होते, आणि बोलत होते.

मग एका सकाळी ते दारात आले नाहीत, विचारलं नाही. खाटेवर बसून राहिले. मला हायसं वाटलं — हेही लिहून ठेवते.

ते पुढच्या उन्हाळ्यात गेले. मी आहे.