लाइट गेली बहुतेक

एसीची सर्व्हिस करणाऱ्याने आज माझ्या खोलीतली जाळी मोरीत धुवायला घेतली आणि ओल्या धुळीचा वास घरभर पसरला, तशी काही वर्षांपूर्वीची मे महिन्यातली ती दुपार आठवली. वडील एकदा घरात पडले, तेव्हापासून त्यांच्या खोलीत मी कॅमेरा बसवला होता आणि एसीही फोनवरून चालणारा घेतला होता. सयाजीगंजच्या ऑफिसात डबा खाताना फोन उघडला, तर डभोईहून बसने आलेला वडिलांचा एक जुना मित्र त्यांच्यासमोर बसलेला, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, आणि एसी अठरावर. आदल्या महिन्याचं बिल माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं. मी फोनवरूनच एसी बंद केला. वडिलांनी रिमोटने पुन्हा लावला, मी पुन्हा बंद केला. मग त्यांनी क्षणभर कॅमेऱ्याकडे पाहिलं, रिमोट उशीखाली सारला आणि मित्राला म्हणाले, "लाइट गेली बहुतेक." मित्राने डोक्यावर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आमच्याकडेही रोज जाते." आज त्यांच्या खोलीतली जाळी काढून तो एसीवाला मला गुजरातीत म्हणाला, "साहेब, आ तो वपरायुं ज नथी." हा एसी वापरलेलाच नाही, असं त्याचं म्हणणं. पंख्याखाली पेपर वाचत बसलेले वडील मान वर न करता म्हणाले, "मने ठंडी सहन नथी थती, भाई."