गव्हर्नर उभा राहणार का?

तुम्ही अशी माणसे पाहिली आहेत का, जी राहत्या देशात मत देऊ शकत नाहीत, स्वतःच्या देशात ज्यांनी वर्षानुवर्षे मत दिलेले नाही, आणि जी दर शुक्रवारी पोहे खाता खाता तिसऱ्याच देशाचा अध्यक्ष ठरवतात?

मी पाहिली आहेत. मी त्यांच्यातच बसत असे.

रिकाम्या बोलण्याचे किस्से लवकर साठतात, कारण त्यांना कष्ट पडत नाहीत. बोलणारा बोलून जातो आणि ऐकणारा हसून जातो. त्यांतले काही सांगतो. हसू आले तर हसा, माझी हरकत नाही. आम्हीही हसलो होतो.

*

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. शारजात भाऊ केळुसकरांच्या फ्लॅटवर दर शुक्रवारी सकाळी आम्ही अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तने करीत असू. दार-खिडक्या लावून, आवाज जिन्यात जाणार नाही अशा बेताने. भाऊ दुबईत बंदरातला माल सोडवणाऱ्या एका क्लिअरिंग कंपनीत मॅनेजर होते, मूळचे कोकणातले. देव्हाऱ्यातला काळ्या दगडाचा गणपती त्यांनी गावाहून आणलेला. मी तिथल्या एका भारतीय शाळेत गणित शिकवीत असे, म्हणून सगळे मला ‘सर’ म्हणत.

आवर्तने संपली की पोहे, आणि पोह्यांबरोबर अमेरिका. पुढल्या अध्यक्षीय निवडणुकीला अजून दीड वर्ष होते. दोन्ही पक्षांत प्रायमरीला, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या फेरीला, कोण उभे राहणार, याचे नुसते अंदाज चालले होते. भाऊंचे मेहुणे न्यू जर्सीला होते. ते तिकडच्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा पोस्टाने पाठवीत, आणि तो तीन आठवड्यांनी पोचत असे.

“टीव्हीवर सगळं वरवरचं असतं,” भाऊ म्हणत. “खरं आतलं पेपरात!”

एका शुक्रवारी त्यांनी एका माजी महापौराची बाजू दोन तास मांडली. कोणता प्रांत त्याच्या मागे, कोणता चर्चवाला गट त्याच्यावर नाराज, सगळे. शेवटी नगरकर म्हणाले, “भाऊ, त्या माणसानं माघार घेऊन पंधरा दिवस झाले. मी परवा बातम्यांत पाहिलं.”

भाऊंनी गठ्ठ्यावर हात ठेवला. “आपल्याकडे अजून घेतलेली नाही!”

*

हे नगरकर दुबईत एका बँकेत होते आणि रोज सकाळी भाऊंच्या गाडीतून जात. शारजा-दुबई रस्त्यावर गाड्या सकाळी चालत नसत, उभ्या असत. अशा उभ्या गाडीत दोघांचा वाद पेटला. एक म्हातारा सिनेटर पुन्हा उभा राहील असे भाऊंचे मत. “त्याचं खलास झालं!” असे नगरकरांचे.

“माझ्या गाडीत बसून माझ्या सिनेटरला खलास म्हणता?”

“तुमचा सिनेटर? त्याला शारजा नकाशात तरी दाखवता येईल का?”

“उतरा!”

“उतरतो!”

नगरकर टाय सावरीत भर उन्हात उतरले आणि गाड्यांच्या रांगेमधून चालू लागले. पुढचा किस्सा ते स्वतःच सांगत. ते बँकेत पोचले, तोंड धुतले, चहा मागवला, तेव्हा खिडकीतून त्यांना भाऊंची गाडी शेवटच्या सिग्नलला उभी दिसली!

दोन शुक्रवार दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. सिनेटरला हे कधीच कळले नसावे. ज्याचे मत कोणी मोजणार नाही त्याने त्या मतासाठी मित्र तोडावा, याचे मला तेव्हाही नवल वाटले होते. पण मीही हसण्यावारी नेले.

*

तो वाद मिटवण्यासाठी भाऊंनी कौल काढला.

कोकणात गावदेवतेला कौल लावतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. प्रश्न सांगायचा, मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि वाट पाहायची. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. माणसे जमिनीबद्दल, आजाराबद्दल, लग्नाबद्दल विचारतात आणि उपाशी राहून विचारतात.

भाऊंनी पोह्यांनंतर विचारले. “बाप्पा, हा म्हातारा सिनेटर प्रायमरीला उभा राहणार का?”

मी म्हणालो, “भाऊ, देवाला हे विचारू नका.”

“सर, देवाला अमेरिका परकी आहे का?”

सगळे हसले. भाऊंनी शेवंतीच्या पाकळ्या लावल्या. “उदबत्तीचा धूर बाप्पाच्या डोळ्यांत जातोय,” असे म्हणत उठून त्यांनी भिंतीतल्या एसीच्या पट्ट्या थोड्या वळवल्या आणि परत येऊन हात जोडून बसले. पाचव्या मिनिटाला उजवी पाकळी पडली.

महिन्याभराने सिनेटर खरोखर उभा राहिला. त्या दिवसापासून लोक भाऊंच्या तोंडाकडे पाहू लागले. नगरकरांनी तर त्यांचे पाय धरले! अबुधाबीहून एक जोडपे केवळ कौल पाहायला आले. “नेक्स्ट अमेरिकन प्रेसिडेंट शारजातून डिक्लेअर होणार!” असे कोणीतरी म्हणाले, आणि भाऊंनी ते नाकारले नाही.

*

जूनमध्ये एकदा एसी बिघडला. मेकॅनिक तो काढून घेऊन गेला आणि भिंतीत चौकोनी भोक उरले. आम्ही टॉवेलने घाम पुसत आवर्तने केली.

त्या शुक्रवारी एका महिला सिनेटरबद्दल कौल लागायचा होता. भाऊ म्हणाले, “आज नाही.”

“का हो?”

“देव उकाड्यात कौल देत नाही.”

केळुसकरवहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, “गावच्या देवळात कुठं एसी आहे?”

भाऊ म्हणाले, “तू चहा टाक.”

मी भिंतीतल्या भोकाकडे पाहिले, तिथून मूर्तीकडे. गणिताच्या माणसाला एवढे पुरते. मला सगळे कळले, आणि मी गप्प बसलो. एका सिनेटरवरून लबाडी झाली तर कोणाचे काय बिघडते, असा विचार मी केला. देवासमोर बसून केला.

*

शिर्के फुजैराहून येत. तिथल्या बंदरात जहाजांना तेल भरण्याच्या कामावर ते सुपरवायझर होते. डोंगरातून दोन तास गाडी चालवून यायचे आणि बोलायचे कमी. त्यांची मुलगी मेघना तिथेच वाढलेली. त्या वर्षी बारावी झाली आणि तिला अमेरिकेतल्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीसह. ती शिष्यवृत्ती त्याच वर्षी घेतली तरच मिळणार होती. होकाराचा फॅक्स रविवारपर्यंत जायला हवा होता.

शुक्रवारी शिर्के आवर्तनांना बसले, पण त्यांचे ओठ हलत नव्हते.

त्याचे कारण एक गव्हर्नर होता. बाहेरून येणारे विद्यार्थी आपल्या मुलांच्या जागा खातात, व्हिसा बंद करा, असे तो सभांतून सांगत असे. तो प्रायमरीला उभा राहणार अशी वदंता होती. नगरकर म्हणत, नाही. भाऊंनी मात्र तीन शुक्रवार छातीवर हात ठेवून सांगितले होते, “उभा राहणार, आणि जिंकणार! लिहून घ्या!”

“भाऊ,” शिर्के म्हणाले, “तो आला आणि पोरीला अर्ध्यावर परत पाठवली तर? ना इकडची, ना तिकडची. मला एकच विचारायचंय. तो उभा राहणार का? नसेल तर मी फॅक्स करतो.”

नगरकर म्हणाले, “अहो, मुलीला विचारा!”

“तिला विचारलं. ती म्हणते, ‘डॅड, आय वाँट टु गो.’ तिला काय कळतं?”

भाऊंनी पाकळ्या ओल्या केल्या. त्यांनी मूर्तीकडे पाहिले, शिर्क्यांकडे पाहिले, मग नगरकरांकडे. नगरकर गालात हसत होते.

“उदबत्तीचा धूर...” भाऊ पुटपुटले आणि उठले.

मी दुरुस्त होऊन आलेल्या एसीपासून हातभर अंतरावर बसलो होतो. पट्ट्या कोणत्या बाजूला वळल्या ते मला स्पष्ट दिसले. एक वाक्य बोललो असतो तर पुरे होते. शिर्क्यांनी डोळे मिटले होते.

उजवी पाकळी पडली.

“इन्शाल्ला, पुढल्या वर्षी बघू,” शिर्के म्हणाले आणि पोहे न खाता निघाले.

*

तीन आठवड्यांनी त्या गव्हर्नरने टीव्हीवर सांगितले की तो उभा राहणार नाही. घरची माणसे आणि स्वतःचे राज्य यांतच तो सुखी आहे. मागे बायको आणि दोन कुत्री उभी होती.

शुक्रवारी कोणी तो विषय काढला नाही. अखेर नगरकरच म्हणाले, “भाऊ, कौल चुकला.”

“कौल चुकत नसतो!” भाऊ गरजले. “देवानं त्याला उभं राहायला सांगितलं होतं. त्यानं ऐकलं नाही, तर त्याला देव काय करणार?”

या वाक्यावर माणसे हसली. शिर्के त्या दिवशी आले नव्हते. मेघना फुजैराच्या एका शिपिंग एजन्सीत रिसेप्शनवर बसू लागली होती. पुढल्या वर्षी तिने पुन्हा अर्ज केला. प्रवेश मिळाला, शिष्यवृत्ती मिळाली नाही, आणि त्याशिवाय जाणे शिर्क्यांना शक्य नव्हते.

*

आता शेवटचे.

शिष्यवृत्तीचा नकार आला त्यानंतरच्या शुक्रवारी शिर्के मेघनाला घेऊन आले. मनाला शांती मिळेल, म्हणून. आवर्तने झाली. निवडणुकीचे वर्ष उजाडले होते आणि प्रायमरीतले शेवटचे दोघे उरले होते. भाऊंनी कौल लावला आणि नेहमीप्रमाणे एसीपाशी जाऊन आले.

मेघना मूर्तीच्या अगदी जवळ बसली होती. पाकळी थरथरू लागली तशी तिने सहज एसीच्या बाजूने मध्ये हात धरला. पाकळी थांबली. हात काढला, पाकळी थरथरली. पुन्हा हात धरला, पुन्हा थांबली.

“डॅड, लुक! इट्स जस्ट द एसी!” ती हसली.

मग तिला आमचे चेहरे दिसले आणि तिचे हसू गेले. तिने आपल्या बापाकडे पाहिले, मग भाऊंकडे, आणि मराठीत विचारले, “भाऊकाका, तेव्हापण?”

वहिनींनी पदर तोंडाला लावला.

“तेव्हाही,” मी म्हणालो. “मला ठाऊक होतं.”

शिर्क्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिले. त्या पाहण्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. मग ते भाऊंना म्हणाले, “का?”

“मी तीन शुक्रवार सांगत होतो, उभा राहणार म्हणून,” भाऊ म्हणाले. “नगरकर हसले असते.”

मग भाऊ आपण होऊन म्हणाले, “दंड सांगा, शिर्के. काय म्हणाल तो.”

“गाऱ्हाणं घाला,” शिर्के म्हणाले. “तुमच्या गावी घालतात तसं. तिच्यासमोर.”

गाऱ्हाणे एकट्याने होत नाही. एकजण देवाला उद्देशून बोलतो आणि जमलेली माणसे प्रत्येक वाक्याला साथ देतात. ती साथ मिळाली की बोलणे देवापर्यंत पोचले, आणि मगच बोलणाऱ्याने जोडलेले हात सोडायचे.

भाऊ उभे राहिले. हात जोडले. गावच्या बोलीत, जी त्यांनी आमच्यासमोर कधी काढली नव्हती, ते म्हणाले, “बा देवा म्हाराजा! तुझ्या पायाकडे बसान मी खोटो कौल दिलंय!”

आम्ही म्हणालो, “होय म्हाराजा!”

“माझो शब्द खरो करूक शिर्क्यांच्या चेडवाची वाट अडवलंय!”

“होय म्हाराजा!”

“झाला-गेला पोटात घाल आणि माका माफ कर, म्हाराजा!”

कोणी साथ दिली नाही. नगरकरांनी मान खाली घातली. मी माझे ओठ मिटून घेतले.

भाऊंनी तेच वाक्य पुन्हा म्हटले. मग तिसऱ्यांदा, हळू आवाजात. वहिनींनी तोंड उघडले, मेघनाकडे पाहिले आणि मिटले.

“यल्ला, बेटा, चल,” शिर्के म्हणाले. मेघना उठली. एकेकाने दारात चपला घातल्या. मी सर्वांत शेवटी निघालो. मागे वळून पाहिले, तेव्हा भाऊंचे हात जोडलेलेच होते.