उपरण्याखालचा निबंध

कापसाच्या बाजारातून नुसतं चालत गेलं, तरी घरी येईपर्यंत अंगाला कापूस चिकटलेला असतो. किश्श्यांचंही तसंच. आम्ही काही ते जमवायला गेलो नव्हतो, अमरावतीच्या इंग्रजी शाळेत वरच्या वर्गात होतो, एवढंच. पण अजून झटकतोय, तरी निघत नाहीत!

त्यातही त्या बक्षिसाच्या वर्षाचं तर विचारूच नका. तिकडे अमेरिकेत लढाई पेटली आणि इकडे कापसाला सोन्याचा भाव आला. बैलांच्या गळ्यात चांदीच्या घंटा! अशात एका साहेबांनी जाहीर केलं, 'वऱ्हाडची बोली' या विषयावर जो उत्तम निबंध लिहील, त्याला बक्षीस.

आमचे पंतोजी पुण्याचे. तोंडातून 'मले' निघालं की हातावर छडी! साहेबांचा हुकूम वाचून त्यांनी छडी निमूट खिडकीत ठेवली. माझ्या शेजारचा गोविंदा लगेच उठला.

"पंतोजी, आजवर खाल्लेल्या छड्या अभ्यासात धरता येतीन काय?"

पंतोजींनी छडी परत घेतली!

*

गोविंदानं विषय निवडला शिव्या. भाजीबाजारात जाऊन एका माळणीपुढे पेन्सिल घेऊन उभा राहिला. "मावशी, शिव्या सांगा." माळीण चक्क लाजली!

"असा देवावानी उभा राह्यला तं शिवी कशी येईन, बापा? आधी वांगे अर्ध्या भावानं मांग!"

त्यानं मागितली. दुपारपर्यंत निबंध पुरा!

पंतोजींनी तो दार लावून वाचला. बाहेर आले ते हसू दाबतच. म्हणाले, "भाषा अशुद्ध आहे. पण ओघ आहे!"

*

मी आपला सरळमार्गी. अकोल्याला मामाकडे गेलो आणि विचारलं, "मामा, तुमची बोली कशी आहे?"

मामा भडकला. "आमची कायची बोली? आमी तं सरळ बोलतो. बोली तुमा अमरावतीवाल्याइची!"

परत येऊन अमरावतीत विचारलं, तर बोली म्हणे अकोलेवाल्यांची! माझा निबंध दोन गावांच्या मधेच कुठेतरी राहिला.

*

पण खरी गंमत झाली ती संपतची. संपत तेल्हाऱ्याकडच्या एका पाटलांचा मुलगा. पाटलांनी त्याला बजावलं होतं, "कापूस विकाले मानूस भेटून नाही राह्यला, अन् तू शायेत बसून काय करून राह्यला? बक्षीस भेटलं तं शिक. नाही तं गाडीवर बस!"

संपतला शिकायचंच होतं. त्या दिवसांत त्याच्याकडे बघून आमचाही जीव तुटायचा.

त्यानं लिहिलं कापसाच्या सौद्यावर. आमच्याकडे भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली हातात हात घालायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा. समोरच्यानं मूठ आवळली की सौदा पक्का. मग बाप आडवा आला तरी मोडायचा नाही! ही बोटांची भाषाही बोलीच आहे, असं संपतचं म्हणणं.

साहेबांनी शाळेत येऊन सगळे निबंध चाळले. संपतचा बाजूला सारला. "जिथे शब्दच नाही, तिथे भाषा कसली? निकाल उद्या सांगतो."

संपतचा चेहरा पडला. मागे त्याचे वडील उभे होते. बाजारात गाड्या आणल्या होत्या, जाताना पोराला न्यायचं म्हणून आले होते. ते पुढे झाले.

"सायेब, एक डाव हात तं द्या!"

पाटलांनी हातावर उपरणं टाकलं. साहेबांना वाटलं, इथली शेकहँडची रीत दिसते. त्यांनी मोठ्या प्रेमानं पाटलांचा हात आवळला! पाटलांनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि चालू लागले.

संध्याकाळी साहेबांच्या बंगल्यापुढे कापसाच्या गाड्यांची ही रांग! गाड्यांमागे आम्ही सगळे. साहेब धावत बाहेर आले.

"हे काय?"

"तुमचा माल, सायेब. सौदा झाला नं सकाळी!"

"सौदा? अहो, मी एक शब्दसुद्धा बोललो नाही!"

"तेच तं माह्या पोट्ट्यानं लिवलं हाये!"

साहेब हळूहळू पायऱ्या उतरले आणि आपण होऊन पाटलांच्या उपरण्याखाली हात घातला. बराच वेळ आत बोटंच बोलत होती. शेवटी पाटलांनी मूठ आवळली, उपरणं झटकलं, गाड्या माघारी वळवायला सांगितल्या आणि संपतकडे वळले.

"पोट्ट्या, घरी नोको येऊ. शिक!"