बिनकोपऱ्यांचा टीपॉय

टीपॉयला चार कोपरे असतात, हे मला लग्न होऊन चार वर्षं झाल्यावर कळलं. तोपर्यंत टीपॉय म्हणजे चहाचे कप ठेवायची वस्तू, एवढीच माझी समजूत होती. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, आम्ही धुळ्यात भाड्याच्या घरात राहत होतो. मुलगी दीड वर्षाची होती आणि मी शाळेत शिकवायला जाई तेवढा वेळ शेजारच्या काकूंकडे असे. एके दिवशी चौथ्या तासाला शिपाई वर्गाच्या दारात आला नि म्हणाला, "बाई, घरून निरोप आलाय. लगेच बोलावलंय." धावत गेले, तर मुलगी काकूंच्या मांडीवर, डोक्याला पंचा गुंडाळलेला आणि पंचा लालभडक. काकूंच्या टीपॉयचा कोपरा लागला होता. डोळा वाचला तो बोटभर अंतरानं. तीन टाके पडले.

तिला घेऊन घरी आले आणि आमच्या बैठकीच्या खोलीत नुसती बघत उभी राहिले. आमचाही टीपॉय तसाच होता. मामांनी लग्नात दिलेला, सागवानी चौकटीचा, वर जाड काच, चारी कोपरे नांगराच्या फाळासारखे. आणि उंची बरोबर आमच्या मुलीच्या भुवयांएवढी! त्यावर क्रोशाचा रुमाल घालून आम्ही तो चार वर्षं कौतुकानं मिरवला होता. मला इतका धक्का बसला की चप्पलही न काढता मी तो फरफटत मागच्या अंगणात नेऊन ठेवला.

"अगं, आपण नाही का वाढलो?" कचेरीतून आल्यावर आमचे हे म्हणाले.

"आपण वाढलो तेव्हा घरात बाज होती. काचेचा टीपॉय नव्हता," मी म्हणाले. माझा आवाज चढला की हे वर्तमानपत्र उघडतात. तसं त्यांनी उघडलं.

रविवारी आग्रा रोडवरची फर्निचरची दुकानं पालथी घातली. एका दुकानात मी सरळ गुडघ्यांवर बसले आणि रांगत रांगत एकेका टीपॉयखाली डोकं घालून बघितलं. मुलीच्या उंचीवरून जग कसं दिसतं ते त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसलं, आणि मी गारच पडले. वरून गुळगुळीत, चकचकीत, आणि खालून बाहेर आलेले खिळे, कुसळं, सनमायकाच्या सुटलेल्या धारदार कडा. हे बाजूला उभे राहून छताच्या पंख्याकडे बघत होते, जणू ही बाई त्यांची कोणीच नाही. दुकानदार म्हणाला, "ताई, पोरं पडायचीच. पोरांसाठी का कोणी फर्निचर घेतं?"

"मग कोणासाठी घेतात? पाहुण्यांसाठी?" मी उठून साडी झटकत विचारलं.

तो म्हणाला, "हो." आणि त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही, ह्याचंच मला नवल वाटलं.

शेवटी काकूंनी त्यांच्या ओळखीच्या एका मिस्त्रींचं नाव सुचवलं. मुसलमान गृहस्थ, पिकलेली दाढी, कानावर पेन्सिल. त्यांनी आधी मुलीला भिंतीशी उभं केलं, तिच्या छातीपाशी भिंतीवर पेन्सिलीची खूण केली आणि म्हणाले, "इथपर्यंत उंची ठेवू. धडकली तर छातीला लागेल, डोळ्याला नाही." मला ते इतकं पटलं की मी त्यांना दोनदा चहा केला. टीपॉय गोल करायचा, काच नाही, कड घासून घासून अंगठ्याएवढी गोलवट. ह्यावर आमचं एकमत झालं. मतभेद झाला तो एकाच गोष्टीवर. मला खाली एक फळी हवी होती. मुलीला टीपॉयवरचं काहीही खेचायची सवय लागली होती. गरम चहा, पितळी फुलदाणी, काहीही. तेव्हा वरचा भाग कायम मोकळा ठेवायचा आणि वर्तमानपत्रं, पिशव्या, जे काय असेल ते खालच्या फळीवर ठेवायचं, असा माझा बेत होता.

मिस्त्री म्हणाले, "भाभी, खालची फळी नका घेऊ. खालचं सगळं मुलाच्या हाताला येतं. माझ्या घरी चार आहेत."

"खाली मी फक्त मऊ वस्तू ठेवीन," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि फळी करून दिली. गिऱ्हाइकाशी वाद घालायची त्यांना सवय नसावी. मला मात्र वाद जिंकायची सवय होती.

टीपॉय आला आणि मी घरात नियम जाहीर केला : वर काही ठेवायचं नाही, सगळं खाली. हे दोनदा चुकले, दोनदा बोलणी खाल्ली, मग शिकले.

आता आबांबद्दल सांगायला हवं. आबा म्हणजे माझे थोरले दीर. शिरपूरकडच्या आमच्या गावी शेती तेच बघत. कपाशीचं बियाणं म्हणा, औषध म्हणा, कशाच्याही खरेदीला धुळ्याला आले की एसटीतून उतरून आधी आमच्या घरी येत, हातपाय धुऊन चहा घेत आणि मग बाजारात जात. कधी रिकाम्या हातानं आले नाहीत. त्यांच्या कापडी पिशवीत मुलीसाठी शेंगा असत, गुळाचा खडा असे, बोरांच्या दिवसांत बोरं असत. ती दुडूदुडू त्या पिशवीकडे जाई आणि हात घालून आपला वाटा काढून घेई.

मी आबांशी बोलत नसे. भांडण नव्हतं, रीत होती. थोरल्या दिरासमोर डोक्यावर पदर घ्यायचा आणि तोंड उघडायचं नाही. शाळेत चाळीस पोरींना दटावणारी मी, आबा आले की दाराआड उभी राहायची. काही सांगायचंच झालं तर मुलीला सांगायचं. "बाळ, आबांना विचार, जेवणार का?" आबाही तिलाच उत्तर देत. मुलीला बोलताही येत नव्हतं तेव्हापासून ती आमची दुभाषी होती.

नवा टीपॉय बघून ते तिला आपल्या अहिराणीत म्हणाले, "हाई काय शे वं माय? जातं शे का?" आणि हसत हसत त्यांनी पिशवी टीपॉयवर ठेवली.

मी दाराआडून म्हणाले, "बाळ, आबांना सांग, वर काही ठेवायचं नाही. पिशवी खालच्या फळीवर ठेवायची." आवाज जरा करडाच लागला असणार. आबांनी चटकन पिशवी उचलली आणि खाली ठेवली. पुढच्या खेपांना मला सांगावं लागलं नाही. ते आले की आधी वाकून पिशवी फळीवर ठेवत, मग बसत. मला मनातून बरं वाटे. सासरच्या सगळ्यात मोठ्या माणसाला मी वळण लावलं होतं!

भादव्यातली गोष्ट. कपाशीवर फवारणी चालू होती. आबा आले, पिशवी फळीवर ठेवली आणि मागच्या मोरीवर हातपाय धुवायला गेले. मी आत चहाचं आधण ठेवलं. साखर घालते तोच एक उग्र वास आला. घासलेटाचा नव्हे, त्याहून घशात जाणारा. मी बाहेर आले.

मुलगी टीपॉयपाशी फतकल मारून बसली होती. पाय पसरलेले, मध्ये गुलाबाच्या सरबताची बाटली. बाटलीत सरबत नव्हतं. तिच्या तोंडात बाटलीचा चिंधीचा बोळा होता आणि ती तो चोखत होती.

मी ओरडले की नाही, मला आठवत नाही. बोळा ओढून काढला, तोंडात बोट घातलं, तिला काखोटीला मारलं आणि अनवाणी रस्त्यावर आले. मागून आबा ओल्या पायांनी धावत आले. आम्ही रिक्षात बसलो. त्यांनी तुटक तुटक मुलीलाच सांगितलं, कारण माझ्याशी बोलायची रीत तेव्हाही त्यांना मोडता आली नाही. औषधाचा डबा गळका निघाला होता, उरलेलं घरातल्या बाटलीत ओतून घेतलं होतं, हेच औषध पुन्हा दे म्हणून दुकानदाराला दाखवायचं होतं. मुलीच्या तोंडातून लाळ वाहत होती. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिला माझ्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतलं. इंजेक्शनावर इंजेक्शन, नळी, पुन्हा इंजेक्शन. मी भिंतीला टेकून उभी होते आणि माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं : बाळ, आबांना सांग, पिशवी खालच्या फळीवर ठेवायची. माझंच वाक्य, माझ्याच आवाजात.

हे आले. काय झालं ते ऐकलं आणि सगळ्या दवाखान्यासमोर थोरल्या भावावर तुटून पडले. "डोकं आहे का तुला? विष घेऊन घरात येतोस? पोराच्या हाताला लागेल असं ठेवतोस?" जन्मात त्यांनी आबांना अरेतुरे केलं नव्हतं. आबा पायरीवर बसले होते. मी वाट बघत होते, आता ते सांगतील. आता म्हणतील, तुझ्या बायकोनंच खाली ठेवायला लावलं. ते काही बोलले नाहीत. आणि मीही बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी मुलीनं खायला मागितलं. डॉक्टर म्हणाले, "नशीब, प्याली नाही. नुसता बोळा चोखला." मी त्यांच्या पाया पडले. घरी येऊन कुऱ्हाडीनं ती खालची फळी काढून टाकली. ह्यांना वाटलं, मी आबांवरचा राग फळीवर काढते आहे. मी वाटू दिलं.

आबा वर्षभर आमच्याकडे आले नाहीत. धुळ्याला येत, बाजार करत, स्टँडवरच भजी खाऊन परत जात, असं कानावर येई. गावात तर पोरासोरांना माहीत झालं होतं की आबांच्या वेंधळेपणानं पुतणी मरणाच्या दारातून परत आली. ह्यांनी त्यांना पत्र टाकणं बंद केलं. मी रोज ठरवत असे की आज सांगायचं, आणि रोज स्वयंपाकाला लागत असे. मी भित्री नाही, असा माझा समज होता. तो त्या वर्षी गेला.

पुढच्या श्रावणात गावी आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीचे रोट होते. आमच्याकडे रोटांना सगळी भावकी एका घरात जमते, बाहेरच्याला त्या पोळ्यांचा प्रसाद देत नाहीत. न जाऊन चालण्यासारखं नव्हतंच. खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, रोट असं जेवण झालं आणि सगळे ओसरीत बसले. आबा खांबापाशी होते. मुलगी त्यांना विसरली नव्हती. ती त्यांच्याकडे निघाली. त्यांनी हात पुढे केले, आणि माझ्या नणंदेनं तिला मधेच उचललं.

"आबासना हातमा पोर नको देजो वं बाई," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. दोघीतिघी हसल्या. आबांनी पुढे केलेले हात मागे घेतले आणि कुठे ठेवावेत ते न कळून मांडीवर ठेवले.

मला ते सहन झालं नाही. मी उठले. पदर डोक्यावर होता, पण आवाज वर्गातला निघाला. "आबांची चूक नाही. ते पिशवी वरच ठेवत होते. खाली ठेवायला मी सांगितलं. मिस्त्री नको म्हणत असताना ती फळी मीच करून घेतली."

ह्यांचं तोंड उघडंच राहिलं. सासऱ्यांच्या वयाच्या माणसांसमोर सून उभी राहून बोलते आहे, हाच आधी सगळ्यांना धक्का होता. मी काय बोलले ते कळायला त्यांना वेळ लागला. मला वाटलं, आता वीज पडेल. पडू दे. वर्षभरात पहिल्यांदा मला मोकळा श्वास आला.

तेवढ्यात आबा बोलले. जमिनीकडे बघत, शांतपणे.

"खोटं बोली राह्यनी ती. माले वाचाडाकरता. ती घरमा उनी तैपासून मनासंगे एक शब्द बोलनी शे का? इचारा बठ्ठासले. मंग माले कशी सांगी ती? चूक मनीच शे."

सगळ्यांनी माना हलवल्या. खरंच होतं. मी आबांशी बोलते असं कोणी कधी पाहिलं नव्हतं. मी "बाळाला सांगितलं, बाळाला!" म्हणत राहिले, पण तोपर्यंत सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला होता.

"देखा, कितलं मोठं मन शे सूननं!" त्या म्हणाल्या. नणंदेनं मला मिठी मारली. मी तिथे सुन्न होऊन उभी, आणि बायका माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

थोड्या वेळानं मी मुलीला कडेवर घेऊन मागच्या दारी गेले. आबा गोठ्यापाशी एकटेच उभे होते. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ बघून बोलले, "आबा, असं का केलं तुम्ही?"

त्यांनी मुलीच्या गालाला बोट लावलं आणि उत्तर तिलाच दिलं. "तुनी मायले सांग. आबा येडा निंघना, तरी पोर मोठी व्हस. मायवरना भरोसा उठना, तं पोरनी कोनाजोडे जानं?"

मला रडू आवरलं नाही. त्यांनी बैलांना वैरण टाकली आणि ते आत गेले.

त्यानंतर ते पुन्हा आमच्याकडे येऊ लागले, पण वेंधळा हा शिक्का त्यांच्यावर कायमचा बसला. आता आबा नाहीत. मुलीला स्वतःची दोन मुलं आहेत आणि आबांच्या चुकीनं आपण मरता मरता वाचलो, एवढंच तिला माहीत आहे. हे लिहिलेलं तिला वाचायला द्यायचं असं मी ठरवलं आहे. ती माझ्याकडे कशी बघेल ह्याची मला भीती वाटते, तरीही देणार आहे.